नाद लागावा म्हणून काय करावं: नाशिकात पहिली नोकरी धरलेल्यांसाठी

अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, आम्ही चौघं एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचो. मी शिरपूरचा, एक चोपड्याचा, एक नांदगावचा आणि एक थेट परभणीहून आलेला. पहिल्या पगारात मिसळ खाऊन झाली, आईला साडी घेऊन झाली, घरी पैसे पाठवून झाले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मात्र सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला खोलीवर आलं की कोणीतरी मोबाइल छातीवर ठेवून छताकडे बघत विचारायचा, "हेच करायचं का रे आता? अठ्ठावन्न वर्षांचं होईपर्यंत?" बाकीचे तिघं झोपल्याचं सोंग घ्यायचो.

त्या प्रश्नाला आता तेरा वर्षं झाली. मी अजून मेंटेनन्समध्येच आहे, इलेक्ट्रिकलला. समुपदेशक वगैरे नाही. पण दर वर्षी नवे ट्रेनी येतात, कँटीनमध्ये शेजारी बसतात आणि फिरून फिरून हाच प्रश्न विचारतात. त्यांना तुकड्या-तुकड्यानं जे सांगत आलो, ते इथं सलग लिहितो.

आपल्या भाषेत याचं अर्धं उत्तर आहे. आपण म्हणतो नाद लागतो, छंद जडतो, गोडी लागते, वेड लागतं. सगळी क्रियापदं चिकटण्याची. नाद सापडला असं कोणी म्हणत नाही. चिकटायचं तर आधी कशाला तरी अंग लागलं पाहिजे. खोलीवर डोळे मिटून पडून आवड शोधत बसलं तर अंगाला चिकटणार काय, तर गादी.

आधी झोप

शिफ्ट फिरती असेल तर एक नियम स्वतःला घालून घ्या: नाईटच्या आठवड्यात आयुष्याबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही. पहाटे चार वाजता पॅनलसमोर उभं असताना प्रत्येकाला आपलं आयुष्य फुकट चाललंय असं वाटतं. मला आजही वाटतं. सकाळी चहा-पोहे पोटात गेले की त्यातलं निम्मं विरतं.

थकवा आणि कंटाळा यांची चव सारखी असते, म्हणून ते वेगळे करायला थोडी युक्ती लागते. जोडून दोन सुट्या आल्या की गावी जा, किंवा इथंच रहा, पण दोन रात्री पोटभर झोपा आणि घरचं जेवा. त्यानंतर गेटवर पंच करताना मन हलकं असेल तर तुमचा प्रश्न रोस्टरचा होता. तरीही पोटात गोळा येत असेल तर पुढचं वाचा. आणि दोन-दोन आठवडे झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, नको ते विचार येतात, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या खोलीतल्या एकाला तेव्हा अशा नंबराची फार गरज होती. त्या काळी तो नव्हता.

पैशाचंही आधीच बघून घ्या, थोडक्यात सांगतो. तीन महिन्यांचं भाडं, डबा आणि घरी पाठवायचे पैसे एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत नव्या हप्त्याचं नाव काढू नका. ज्याच्या पगारातून दहा तारखेला दोन हप्ते कापले जातात, त्याच्या डोक्यात आवडीला जागा उरत नाही.

पंधरा दिवसांची वही

एक दहा रुपयांची वही घ्या. मोबाइल नको, मोबाइलमध्ये लिहायला गेलं की रील लागते. रोज झोपण्याआधी तीन गोष्टींपैकी ज्या घडल्या त्या लिहायच्या. आज कुठल्या कामात वेळेचं भान गेलं? आज कोणाचा हेवा वाटला? आज कोणी माझ्याकडे आपणहून काय विचारायला आलं?

हेव्याचं कॉलम सोडू नका. आपल्याकडे हेवा वाटला हे कबूल करायची लाज वाटते, पण त्याच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. नव्या बुलेटवरून येणाऱ्या मित्राचा मला कधी हेवा वाटला नाही. पण गणपतीत आमच्या गल्लीत देखाव्याचं लाइटिंग करणारा एक पोरगा होता, त्याच्याकडे मी अर्धा अर्धा तास बघत उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, याला जमतंय ते मलाही जमेल. हे तेव्हा वहीत लिहिलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

तिसरा प्रश्नही असाच फसवा. लोक आपल्याकडे जे विचारायला येतात ते आपल्याला इतकं सोपं वाटत असतं की त्याची किंमत कळत नाही. क्वालिटीतल्या एका मुलीकडे सगळं डिपार्टमेंट अर्ज लिहून घ्यायला यायचं: रजेचा, बदलीचा, सोसायटीच्या कर्जाचा. तिला वाटायचं, यात काय एवढं.

पंधरा दिवसांनी वही वाचा. उत्तर मिळणार नाही. फक्त कुठल्या दिशेला तोंड करून चालायचं एवढं कळेल, आणि तेवढं पुरे.

चार वर्तुळांचं चित्र

तुम्ही ते पाहिलं असेलच. आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते, अशी चार वर्तुळं आणि मधोमध ‘इकिगाई’. जपानमधलं प्राचीन ज्ञान म्हणून ते फिरतं. इकिगाई हा शब्द जपानी आहे, खरा आहे. पण वर्तुळांचं चित्र स्पेनमधल्या आंद्रेस झुझुनागा यांच्या आकृतीवरून आलं, आणि त्याच्या मधोमध इकिगाई हा शब्द २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगरनं बसवला. मी ते चित्र काढून भिंतीवर चिकटवलं होतं. मधली जागा कोरी राहिली ती राहिलीच, आणि रोज सकाळी दात घासताना मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

कमी काही नसतं. २०१८ मध्ये पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक मजेदार व्हिडिओ दाखवला, सगळ्यांना आवडला. मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. ‘आवड ही आपल्यात आधीपासून असते, फक्त शोधायची’ असं मानणाऱ्यांचा उत्साह लेख अवघड निघाल्याबरोबर जास्त उतरला. ‘आवड हळूहळू घडते’ असं मानणाऱ्यांचा तेवढा नाही. कारण सरळ आहे. पहिल्यानं गृहीत धरलेलं असतं की आपलं खरं प्रेम असेल तर ते सोपं जाईल. अवघड गेलं, म्हणजे हे ते नव्हे, पुढचं बघू. गिटार तीन महिने, जिम दोन महिने, यूट्यूब चॅनेल पाच व्हिडिओ.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ घ्या. पाण्याच्या टंचाईचं गाव. २०१२ मध्ये ते सैन्यात गेले आणि तिथं त्यांच्या हातात वल्हं आलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते नौकानयनात उतरले, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक जिंकलं. तळेगावात बसून त्यांनी अशा दहा वह्या भरल्या असत्या तरी ‘नौकानयन’ हा शब्द कुठल्याच पानावर आला नसता.

सहा सुट्या, सहा ठिकाणं

आता मुख्य काम. पुढच्या सहा साप्ताहिक सुट्या घ्या आणि प्रत्येक सुटीला एका अशा ठिकाणी जा जिथं लोक काहीतरी मनापासून करतात. नाशिक यासाठी मापातलं शहर आहे. सिटीलिंकच्या बसनं किंवा स्कूटरवर अर्ध्या-पाऊण तासात जवळजवळ कुठंही पोचता येतं, फक्त द्वारका चौक संध्याकाळी टाळा.

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, १८४० सालचं आहे. सभासद व्हा, पण पुस्तकापेक्षा तिथं येणाऱ्या माणसांकडे बघा. कुसुमाग्रजांच्या कविता शाळेत पाठ केलेल्या असतील, तर गंगापूर रोडला त्यांचं स्मारक आहे, तिथं कधी काव्यवाचन, कधी गाणं, कधी चित्रप्रदर्शन चालू असतं. मे महिन्यात आला असाल तर गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. संध्याकाळचा वारा, फुकट खुर्ची, आणि रोज वेगळा वक्ता. काही वक्ते झोप आणतात. चालतं, उठून रामकुंडाकडे फेरी मारायची.

डोंगराचं अंग असेल तर पहाटे पांडवलेणीपासून सुरुवात करा. त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत, चढ फार नाही आणि नेमानं चढणारे बरेच जण भेटतील. त्यांच्यापैकी कोणाशी तरी बोललात की पुढच्या रविवारी अंजनेरी, मग रामशेज, मग हरिहर असं आपोआप ठरत जातं. एकट्यानं मात्र पावसाळ्यात हरिहरला जाऊ नका, त्या उभ्या पायऱ्या फोटोत दिसतात त्यापेक्षा वाईट आहेत.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर निफाड तालुक्यात हे पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत उजाडायच्या आत पोचा. दुर्बीण नसली तर तिथल्या गाइडकडे असते. आमच्या प्लँटमधला एक सीएनसी ऑपरेटर मित्राला गाडी चालवायला म्हणून तिथं गेला होता. मायक्रॉनमध्ये माप घेणारा माणूस, बदकांच्या चोचीतले फरक त्याला आमच्यापेक्षा आधी दिसायला लागले. आता तो पक्षीगणनेला सुटी टाकून जातो.

झाडं लावायची, जगवायची इच्छा असेल तर म्हसरूळ आणि सातपूरकडच्या डोंगरउतारांवर लोकांनी देवराई उभी केली आहे, तिथं पाणी घालायला हात लागतातच. शिकायचं राहून गेलं असेल तर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीच चाललेलं.

आणि एक जागा अशी आहे जिचे पैसे तुम्ही आधीच भरताय. जून आणि डिसेंबरची पगाराची स्लिप काढून बघा. कामगार कल्याण निधी म्हणून एक छोटी कपात दिसेल. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते. मंडळ १९५३ च्या कायद्यानं आलेलं, त्याची केंद्रं आपल्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास आहेत, आणि ते कामगारांच्या नाट्यस्पर्धा, भजन, समरगीत, खेळ असं बरंच काही घेतात. मी पाच वर्षं ती कपात बघून एचआरला शिव्या घालत होतो. काय मिळतं हे विचारायला एकदाही गेलो नव्हतो.

या सहा सुट्यांचे दोन नियम. पहिला, एखादं ठिकाण थोडंसं जरी बरं वाटलं तर तिथं तीनदा जा. पहिल्या खेपेला आपण परके असतो, बूट कुठं काढायचे इथपासून अडतं. दुसऱ्यांदा कोणीतरी नाव विचारतं. तिसऱ्यांदा एखादं काम गळ्यात पडतं, आणि खरी चव तिथून कळायला लागते. तिसऱ्या खेपेनंतरही घड्याळाकडे बघत असाल तर खुशाल सोडा.

दुसरा, सहा महिने वस्तू विकत घ्यायची नाही. मी पहिल्याच वर्षी हप्त्यावर कॅमेरा घेतला होता. चौदा हप्ते. पहिल्या महिन्यात सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर धरणावरचा सूर्यास्त आणि रूम पार्टनरचे लग्नासाठीचे फोटो काढले. सातव्या महिन्यात कॅमेरा कपाटात गेला आणि उरलेले सात हप्ते मी कपाटाचेच भरले. फोटोग्राफीत खोट नव्हती. मला फोटोग्राफी करणारी माणसं माहीत नव्हती, फक्त दुकान माहीत होतं.

मुलींची अडचण वेगळी असते आणि ती मुलांना कळत नाही. होस्टेलचं गेट नऊला बंद होतं, आणि नाटकाची तालीम सुरूच होते आठला. वर ज्या क्वालिटीतल्या मुलीचं लिहिलं, तिनं त्यावर सकाळ गाठली: पांडवलेणी, मग रविवारी पक्षी, सगळं दुपारच्या आत. संध्याकाळचंच काही हवं असेल तर दोघी-तिघी मिळून वॉर्डनशी आधी बोला, कार्यक्रमाची पत्रिका दाखवा. एकटीनं विचारलं तर नाही म्हणणाऱ्या बाई तिघींना बहुधा हो म्हणतात.

पवळ्या कुठं बांधायचा

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ ही म्हण आपण वाईट संगतीसाठी वापरतो. मी ती नोकरीचा सल्ला म्हणून वापरतो. आवड माणसाकडून माणसाला लागते, गोवरासारखी.

माझं तसंच झालं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या टूल रूममध्ये एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एक दिवस पॅनलपाशी आले आणि म्हणाले, "काय रे, तू वायरिंगचं शिकलेला ना? संध्याकाळी पसाला ये."

"कशाला, मामा?"

"नाटक आहे आपलं. स्पॉट धरायला माणूस नाही. तुला काही बोलायचं नाही, नुसता दिवा धरायचा."

पसा म्हणजे परशुराम साईखेडकर नाट्यगृह, सावानाचंच. मी आयुष्यात नाटक पाहिलं होतं ते फक्त शाळेच्या गॅदरिंगचं. वरच्या अंधारात मला एका स्टुलावर बसवलं, हातात फॉलो स्पॉट दिला आणि सांगितलं, आजोबांच्या तोंडावर ठेव, आजोबा मेले की मामा हात वर करतील, तेव्हा बंद कर. आजोबा मेले. इतके छान मेले की मी बघतच राहिलो. मामांचा हात वर गेला, मामांचे दोन्ही हात वर गेले, आणि मी डोळे पुसत होतो. शेवटी आजोबा भर उजेडात उठले, धोतर सावरलं आणि चालत विंगेत गेले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, संपलं. प्रयोग झाल्यावर मामा चहा घेऊन आले. म्हणाले, "रडलास ना? मग जमेल. उद्या तालमीला ये, क्यू शीट, म्हणजे कोणता दिवा कधी त्याचा कागद, कसा वाचायचा ते दाखवतो."

पुढचं सगळं हळू झालं, आणि बरंचसं कंटाळवाणं होतं, हे मुद्दाम सांगतो. पहिलं वर्ष मी केबल गुंडाळल्या. केबल गुंडाळायचीही एक पद्धत असते, पीळ पडला तर पुढच्या वेळी आत तुटते. शिडी धरली, बल्ब पुसले, डिमर उचलले. दुसऱ्या वर्षी कळलं की दिवा कुठं लावायचा यापेक्षा कुठला दिवा विझवायचा हे जास्त अवघड असतं. तिसऱ्या वर्षी एका प्रवेशाची प्रकाशयोजना माझ्या मनासारखी झाली, म्हणजे साधारण साडेतीन मिनिटं. त्या साडेतीन मिनिटांसाठी तीन वर्षं गेली आणि मला ती महाग वाटली नाहीत. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी प्रकाशाचा उल्लेखही केला नाही.

तुम्ही शोधताना विषय शोधू नका, मामा शोधा. ज्याच्याशेजारी काम करताना तुम्हाला दटावलं जातं पण हाकललं जात नाही, असा माणूस. तो बहुधा तुमच्याच प्लँटमध्ये, तुमच्याच बँकेत, तुमच्याच बसमध्ये असतो. कँटीनमध्ये एवढंच विचारा: "सुटीच्या दिवशी काय करता तुम्ही?" दहातले आठ म्हणतील, काही नाही, घरची कामं. उरलेल्या दोघांजवळ जाऊन बसा.

घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना हे जड जातं, कारण त्यांना कँटीनच नाही. त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ तरी अशा ठिकाणी बांधून घ्यावी जिथं आपली गैरहजेरी कोणाच्या लक्षात येईल.

कंपनीच्या आतसुद्धा

आवड बाहेरच लागते असं नाही. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचा एमी व्रेझ्नेव्स्की आणि जेन डटन यांनी अभ्यास केला होता, २००१ मध्ये त्यावर त्यांनी लिहिलं. काहींच्या लेखी आपलं काम म्हणजे फरशी पुसणं होतं. काही जण मात्र तेच काम करताना रुग्णांशी बोलत, पाहुण्यांना वाट दाखवत, आणि स्वतःला रुग्ण बरे करणाऱ्यांतले एक मानत. पगार तोच.

आपल्या शॉप फ्लोअरवर याचा अर्थ साधा आहे. कामाचा एक कोपरा स्वतःचा करून घ्या. नव्या अप्रेंटिसला शिकवायचं काम मागून घ्या, ते कोणालाच नको असतं. सेफ्टी कमिटीत नाव द्या. दुसरं डिपार्टमेंट बघायचं असेल तर सुपरवायझरला ‘इथं कंटाळा आलाय’ म्हणू नका, ‘साहेब, महिन्यातून दोन दिवस तिकडं शिकायला जाऊ का’ म्हणा. मी नाटकाच्या क्यू शीटवरून आमच्या वार्षिक शटडाउनची शीट केली: कोणता ब्रेकर कधी, कोण खूण देणार, कोण ऐकणार. साहेबांना आवडली. कुठून सुचली हे मी सांगितलं नाही.

उलट बाजूही सांगतो. काही ठिकाणी असा कोपराच मिळत नाही. तोंड वर केलं की ओरडा, दर सहा महिन्यांनी नवा कॉन्ट्रॅक्टर, ओव्हरटाइम कागदावर एक आणि हातात एक. तिथं मनाची समजूत घालत बसण्यात अर्थ नाही. दुसरी नोकरी बघा.

कोणीतरी वाट बघतंय

आवड वेगळी आणि जगण्याला कारण असणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीसाठी मोठे शब्द वापरले जातात, म्हणून लोक घाबरतात. आजी सोपं म्हणायची: कोणाच्या तरी उपयोगी पडावं. मी ते आणखी खाली आणतो. आठवड्यातले दोन तास असे असावेत की तुम्ही गेला नाहीत तर कोणाची तरी अडचण होईल.

आमच्या परभणीच्या रूम पार्टनरला कुठलाच नाद लागला नाही. नाटक नको, डोंगर नको, पक्षी तर नकोच. तो शेजारच्या चाळीतल्या दहावीच्या तीन पोरांना गणित शिकवायला लागला, तेही घरमालकांच्या भिडेखातर. ती पोरं दर शनिवारी सहाला दारात उभी. त्यानं मला कधी सांगितलं नाही की त्याला अर्थ वगैरे सापडला, पण छताकडे बघून तो प्रश्न विचारायचं त्यानं बंद केलं.

घरच्यांना काय सांगायचं

वडिलांना, म्हणजे दादांना, फोनवर मी सांगितलं, "नाटकाच्या तालमीला जातो." पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "कंपनीत पाठवलं तर नाटकं करायला लागला का तू?" हा विनोद नव्हता.

त्यांची भीती खोटी नसते. त्यांनी शेतीतली अनिश्चितता पाहिलेली असते, पगार म्हणजे त्यांच्यासाठी पाऊस. म्हणून वाद घालू नका. घरी पैसे ठरल्या तारखेला जाऊ द्या, रजा वाया घालवू नका, आणि एकदा त्यांना नेऊन दाखवा. मी आई-दादांना कालिदास नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसवलं. दादा पूर्ण वेळ मान वळवून मागं वर बघत होते, मी कुठं बसलोय ते शोधत. नंतर म्हणाले, "तू दिसलाच नाहीस." मी म्हटलं, "दादा, मी दिसलो असतो तर चुकलं असतं." ते त्यांना पटलं.

राजीनामा लिहिण्याआधी

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण लोक फार देतात. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्म. मुंबईत जे. जे. मध्ये चित्रकला, मग बडोद्याला कलाभवन, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना. पडद्यावरच्या हलत्या चित्रांनी त्यांना धरलं तेव्हा ते चाळिशीला आले होते, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथं बसून मीही दोनदा राजीनाम्याचा मजकूर मनात लिहिला. पण दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. चित्रकला, फोटो, रसायनं, छपाई असं वीस-पंचवीस वर्षांचं सगळं शिक्षण त्या एका चित्रपटात कामी आलं, आणि त्यासाठी त्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकली. घरात सरस्वतीबाई फाळके होत्या, ज्यांनी स्वयंपाकापासून फिल्मवरच्या कामापर्यंत सगळं ओढलं. तुमच्याकडे यातलं काय आहे, ते वहीच्या मागच्या पानावर लिहा.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. २०१५ मध्ये दोघांनी मिळून सायकलवर अमेरिका आडवी पार केली, ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’, सुमारे ४,८०० किलोमीटर. डॉक्टरकी सोडून नाही, सांभाळून.

तरीही सोडायचंच ठरलं तर हिशेब असा करा. निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत. ज्या कामासाठी सोडताय, त्यातून सलग काही महिने थोडे का होईना पैसे आलेले. नेमणूकपत्र काढून बाँड आणि नोटीस पीरियड वाचलेला. पीएफ काढायचा मोह टाळा, यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच ठेवून पुढच्या ठिकाणी वर्ग करा, कारण सलग पाच वर्षं नोकरी होण्याआधी काढलात तर त्यावर कर लागतो. आणि अनुभवाचं पत्र हातात पडेपर्यंत कोणाशीही भांडू नका, वॉचमनशीसुद्धा.

मी सोडली नाही. आमच्या चौघांपैकी चोपड्याच्यानं सोडली, तो आता गावाकडे केळीच्या बागांना ठिबक बसवून देतो आणि सुखी आहे, असं फोनवर तरी म्हणतो. नांदगावचा अजून सहा सुट्यांच्या तिसऱ्या सुटीवर आहे. नऊ वर्षं झाली.

आमच्या तालमी पावसाळ्याच्या अखेरीला सुरू होतात, स्पर्धा दिवाळीच्या पुढं-मागं. नट भरपूर येतात, सगळ्यांना आजोबा व्हायचं असतं. लाइटच्या बाजूला माणूस नेहमी कमी पडतो. यायचं असेल तर रबरी तळव्याचे बूट घालून या आणि एक जुना नॅपकिन आणा. बल्बला फार धूळ असते.